वाढणारा येशू आणि आपल्या अंगणातली बाळे



आज पवित्र कुटुंबाचा सण. चर्चमधला नाताळचा गोठा अजून तसाच आहे. मिस्सा संपली की आपली मुले गोठ्याजवळ धावतात आणि गव्हाणीतल्या बाळ येशूच्या पायाला हात लावून येतात. मोठी माणसेही क्षणभर थांबतात. गव्हाणीतले बाळ पाहायला आपल्या सर्वांनाच आवडते. परंतु त्या गव्हाणीतून उचलल्यानंतर बाळाचे पुढे काय झाले, त्याला कोणी भरवले, कोणी न्हाऊ घातले, पहिला शब्द त्याने कोणाचा ऐकला, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी एका वाक्यात ते सांगून टाकतो. येशू ज्ञानाने वाढला, शरीराने वाढला, देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढला, एवढेच. पण त्या एका वाक्यात वाढीच्या चार बाजू आल्या आहेत. शरीर आहे, बुद्धी आहे, देव आहे आणि माणसे आहेत. यातली एक जरी बाजू पडकी राहिली तरी घर उभे राहत नाही.

बंधु-भगिनींनो, देवाचा पुत्र एकदम मोठा माणूस होऊन आला असता तर त्याला कोण अडवणार होते? पण त्याने वाढण्याचा लांबचा रस्ता धरला. नऊ महिने आईच्या पोटात राहिला. तिचे दूध प्यायला. जोसेफच्या मजुरीवर पोसला गेला. नाझरेथच्या शेजारणींच्या कडेवर खेळला असेल. ज्याने जग निर्माण केले त्याला वाढण्यासाठी माणसांची गरज पडली. म्हणून लहान बाळाचे वाढणे ही नुसती दवाखान्याची गोष्ट नाही. ती आपल्या श्रद्धेची गोष्ट आहे, आणि तिच्याविषयीच मी आज बोलणार आहे. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

मागे एका नाताळात आपण काही जण कल्याण तालुक्यातल्या एका वीटभट्टीवर गेलो होतो. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. दिवाळी झाली की शहापूर, मुरबाडकडची कातकरी कुटुंबे कल्याण-भिवंडी पट्ट्यातल्या भट्ट्यांवर येतात आणि पाऊस तोंडावर आला की परत जातात. कच्च्या विटा रचून आणि वर पेंढा टाकून ती आपली खोपटी उभी करतात. त्या खोपटीला भोंगा म्हणतात. आत जायचे तर वाकावे लागते. आपण सोबत केक, चॉकलेटे आणि लाल टोप्या नेल्या होत्या. गाणी म्हटली, फोटो काढले. मुले हसली. सगळ्यांना बरे वाटले. मलाही बरे वाटले.

निघताना एका भोंग्याच्या दारात सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती. मी विचारले, "बाळ वर्षाचे झाले का?" ती म्हणाली, "अडीच." मला वाटले तिला मोजता येत नसेल. पण आमच्याबरोबर त्या भागातली एक अंगणवाडी सेविका होती. तिने पिशवीतून दंडाचा घेर मोजायची कागदी पट्टी काढली. त्या पट्टीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग असतात. घेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर हिरवा. साडेअकराच्या खाली गेला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. त्या बाळाच्या दंडावर पट्टी लाल रंगावर थांबली. त्याच्या दुसऱ्या हातात आपण दिलेला केकचा तुकडा होता. तो खातही नव्हता. खाण्याची इच्छासुद्धा मरते, असे सेविका म्हणाली.

मी म्हणालो, "ताई, आपण यांना आणखी खाऊ देऊ."

ती म्हणाली, "फादर, केक एका दिवसाचा. याला दिवसातून पाच वेळा कोणीतरी मांडीवर घेऊन भरवायला हवं. ते कोण करणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. लाल पट्टीच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. तिथे आईसह साधारण चौदा दिवस राहावे लागते. औषध, खास आहार, सगळे मोफत असते. सेविकेने आईला ते समजावून सांगितले. आई मातीने भरलेल्या हातांनी उभी होती. ती एवढेच म्हणाली, "मी गेले तं विटा कोन थापील?"

त्या एका प्रश्नात सगळे येते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना या कुटुंबाने भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. ती विटा थापून फेडायची असते. काम नवरा-बायकोच्या जोडीने चालते. एक माती कालवतो, दुसरी थापते. आई चौदा दिवस गेली तर जोडी मोडते आणि उचल फिटत नाही. शिवाय भट्टीवर राहिलेल्या मुलीला कोण पाहणार? अंगणवाडीच्या यादीत बाळाचे नाव होते, पण ते गावाकडच्या अंगणवाडीत. भट्टी गावापासून दूर. म्हणजे बाळाच्या वाट्याचे अन्न एका ठिकाणी आणि बाळ दुसऱ्या ठिकाणी. आईचे प्रेम कमी नव्हते. कमी होती ती तिची सुटी, तिची झोप आणि तिच्या पाठीशी उभे राहणारे माणूस.

संत मत्तय सांगतो की हेरोदाच्या भीतीने जोसेफ रात्रीच उठला आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन इजिप्तला निघाला. त्याने सामान काय घेतले हे शुभवर्तमानात नाही. बाळ आणि आई, एवढेच आहे. दोघे एकत्र. बाळ वाचवायचे असेल तर आईलाही उचलावे लागते, हे जोसेफला कळले होते. आपण भट्टीवर बाळासाठी केक नेला. आईसाठी काय नेले?

आता मी आपल्या घरांकडे वळतो. रागावू नका.

डोंबिवलीतल्या आपल्याच एका कुटुंबात मी घराला आशीर्वाद द्यायला गेलो होतो. दोघे नोकरी करणारे, देवभीरू, मिस्सा न चुकवणारे. आजी-आजोबा श्रीरामपूरला. सकाळची लोकल गाठायची म्हणून दोघेही अंधारात घर सोडतात, परततात तेव्हा पुन्हा अंधार असतो. त्यांचे बाळ अडीच वर्षांचे. मीच त्याला स्नानसंस्कार दिला होता. वजन चांगले, गाल भरलेले. पण ते बोलत नव्हते. हाक मारली तरी मान वळत नव्हती. समोर मोबाइल लावला की तोंड उघडायचे, बंद केला की मिटायचे. ऐकण्याची तपासणी झाली होती, कान ठीक होते. डॉक्टरांनी पालकांना विचारले, "दिवसभरात याच्याशी किती माणसे बोलतात?" ती आई मला हे सांगताना रडली. म्हणाली, "फादर, मी त्याच्यासाठीच तर कमावते."

प्रत्येक उशिरा बोलणाऱ्या मुलाचे कारण मोबाइल असते असे नाही. कारणे अनेक असतात, म्हणून वेळेवर डॉक्टरांना दाखवावे. आणि मी त्या आईला दोष देत नाही, तुम्हीही देऊ नका. दोन पगारांशिवाय घराचा हप्ता भरता येत नाही हे मला ठाऊक आहे. बाळाच्या बाबतीत काही बिघडले की बोट आईकडेच जाते. त्या घरात बाबाही होता, शेजारी होते आणि आपले चर्चही होते.

आता ही दोन बाळे शेजारी ठेवून पाहा. दोघे अडीच वर्षांचे. एकाला अन्न कमी पडले, दुसऱ्याला शब्द कमी पडले. पण दोघांचे दुखणे मुळात एकच आहे. दोघांच्याही दिवसातून माणूस हरवला आहे. आणि दोन्ही ठिकाणी मी एकच गोष्ट जमिनीवर पडलेली पाहिली, पाच रुपयांची चमचमीत पुडी. भोंग्यातही आणि फ्लॅटमध्येही. रडणे थांबवण्याचा तोच उपाय.

गावात मुले सुकतात आणि शहरात बाळसे धरतात, अशी आपली समजूत असते. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हा जव्हार आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि कुपोषण म्हणजे तिकडचा, डोंगरातला प्रश्न, असे आपण मनात ठरवून टाकले. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. २५ हून अधिक मुले उंचीच्या मानाने हडकुळी आहेत. आणि उंची खुंटण्याच्या बाबतीत शहर आणि गाव यांच्यात फरक अगदी थोडा आहे. ठाण्या-कल्याणच्या चाळीत, झोपडपट्टीत, अरुंद खोल्यांत ही मुले आहेत. ती आपल्या रस्त्यावर राहतात.

बाळाची वाढ कशाने होते? डॉक्टर पहिल्या एक हजार दिवसांविषयी बोलतात. गर्भातले २७० दिवस आणि नंतरची दोन वर्षे म्हणजे ७३० दिवस. निरोगी बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. जन्मतः मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतो, दोन वर्षांत तो पाऊण होतो. एवढ्या वेगाने माणूस पुन्हा कधीच वाढत नाही. म्हणून या दिवसांत राहिलेली तूट पुढे भरून काढणे फार अवघड जाते.

ही वाढ बाळाच्या जन्माआधीच सुरू होते. मुलगी पंधरा-सोळाव्या वर्षी अशक्त, रक्त कमी, लवकर लग्न, पोटुशी असताना ओझी वाहणे, मग बाळ कमी वजनाचे. जन्मल्यावर पहिल्या तासात आईचे चिकाचे दूध मिळाले पाहिजे. काही घरांत ते अजूनही पिळून टाकतात. ते बाळाचे पहिले संरक्षण असते. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीही नको. सहा महिने पूर्ण झाले की दुधाबरोबर मऊ, घट्ट आणि ताजे अन्न हवे. वरणाचे पाणी नव्हे, वरण-भात कालवून, वर तूप किंवा तेलाची धार. नाचणी, अंडे, मासळी, पालेभाजी, केळे. चहात बुडवलेले बिस्कीट हे बाळाचे जेवण नव्हे.

पण अन्न दिले तरी ते अंगी लागायला हवे. गढूळ पाणी, दारातले गटार, न धुतलेले हात यांनी वरचेवर जुलाब होतात. महिन्यातून एकदा जुलाब झाले तर खाल्लेले सगळे वाहून जाते. म्हणून नळाचे पाणी आणि संडास हेसुद्धा बाळाचे अन्नच आहे. कंत्राटदार, नगरसेवक, सोसायटीचा सेक्रेटरी, ज्यांच्या हाती पाणी आहे त्या सर्वांच्या हाती कोणाच्या तरी बाळाची उंची आहे.

आणि यापुढची गोष्ट आपण विसरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, एल्सी विडोसन या इंग्लंडच्या आहारशास्त्रज्ञ जर्मनीतल्या दोन अनाथालयांतील मुलांच्या वाढीची नोंद ठेवत होत्या. दोन्हीकडे शिधा सारखा. सहा महिन्यांनी एका अनाथालयातल्या मुलांना पाव, जॅम आणि संत्र्याचा रस जास्तीचा द्यायला सुरुवात झाली. पण त्याच सुमारास तिथे एक कडक देखरेखबाई बदलून आल्या. जेवणाच्या वेळीच त्या मुलांना सर्वांसमोर झापायच्या. झाले असे की जास्त खाणारी ही मुले कमी वाढली. ज्यांना जास्तीचे काही मिळाले नव्हते, पण ज्यांच्या डोक्यावरून ही बाई गेली होती, ती मुले भराभर वाढली. बायबलच्या नीतिसूत्रे या ग्रंथात पंधराव्या अध्यायात सांगितले आहे की प्रेमाच्या घरची भाजी ही द्वेषाच्या घरच्या मेजवानीपेक्षा बरी. विडोसनबाईंनी आपल्या शास्त्रीय लेखात त्याच वचनाची आठवण काढली. आपल्या घरातही जेवणाचे ताट आणि भांडण एकाच वेळी वाढले जाते का, हे ज्याने त्याने तपासावे. दारूच्या बाटलीसमोर घाबरून बसलेले बाळ तुपाने वाढत नाही.

दुसरी गोष्ट जमैका बेटावरची. १९८०च्या दशकात किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्तीत उंची खुंटलेली १२९ बाळे निवडली गेली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जात. त्या आईला शिकवत की बाळाशी कसे बोलावे, कसे खेळावे. खेळणी घरच्या डब्यांची, बाटल्यांची, चिंध्यांची. दोन वर्षे हे चालले. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा शोधून पाहिले. ज्यांच्या घरी सेविका गेल्या होत्या ती मुले इतर खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. आठवड्याचा एक तास! आपण रविवारी मिस्सेला देतो तेवढाच.

परंतु जमैकापर्यंत जायची तरी काय गरज? आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, हे काम त्याच्याही कितीतरी आधी झाले आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालवाडी उघडली तरी आदिवासींची मुले येईनात. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही. त्यांनी कारण शोधले. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, मुलगा गुरे राखतो, मग शाळेत येणार कोण? तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे चरतात तिथे कुरणशाळा भरवली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छताखाली आणली, म्हणजे ताई शिकते आणि तिच्या कडेवरचे भावंड शेजारीच पाळण्यात झोपते. आधी आंघोळ, नखे, केस, मग खाणे, मग गाणे. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हा शब्द सगळ्या भारताला मिळाला. तो आपल्या मातीतला शब्द आहे.

ताराबाईंनी ज्यांची पद्धत अभ्यासली त्या मारिया माँटेसरी. त्या इटलीच्या, कॅथलिक, पेशाने डॉक्टर. रोममध्ये सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत आईबाप कामावर गेले की लहान मुले जिन्यांत, गल्लीत भटकत. त्या मुलांसाठी त्यांनी पहिले बालगृह उघडले ते ६ जानेवारी १९०७ रोजी. ६ जानेवारी म्हणजे तीन राजांचा सण. तो आपण आता साजरा करणार आहोत. त्या राजांनी सोने, ऊद आणि गंधरस आणले. आपण बाळासाठी काय आणणार?

मला तीन गोष्टी सुचतात.

पहिली आपल्या घरातली. बाळ जेवताना मोबाइल बंद. दोन वर्षांखालच्या बाळाला तो नकोच, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाशी बोला, कोणत्याही भाषेत, पण बोला. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, रोझरी म्हणताना. बाबा लोकांना माझे खास सांगणे आहे. संध्याकाळचा अर्धा तास बाळाचा. जोसेफ सुतार होता, दमूनच घरी येत असेल. आजी-आजोबांनो, तुमच्या गोष्टी कोणत्याही टॉनिकपेक्षा मोठ्या आहेत. आणि बाळाचे वजन नियमित नोंदवा, लसी वेळेवर द्या.

दुसरी आपल्या दारातली. आपल्या घरी येणारी मावशी आपले बाळ सांभाळते. तिचे बाळ कोण सांभाळते? नोकरदार स्त्रीला २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईला एक दिवसही नाही, आपण दिली तरच. ती बाळंत झाली तर तीन महिने तिचा पगार चालू ठेवा. तान्ह्याला पाजायला जाऊ द्या. जगात याहून मोठे दान मला माहीत नाही, आणि न्याय म्हणून पाहिले तर ते दानही नाही.

तिसरी आपल्या चर्चची. आपला हॉल सोमवार ते शुक्रवार दिवसभर कुलूपबंद असतो. तिथे पाळणाघर सुरू करावे, आपल्या कुटुंबांसाठी आणि शेजारच्या वस्तीतल्या कामकरी बायकांसाठीही, हा विषय मी धर्मग्राम परिषदेपुढे ठेवला आहे. काही जणांनी शंका काढल्या. लग्नांचे बुकिंग, भिंती खराब होतील, बाहेरची मुले येतील. शंका खोट्या नाहीत. पण बेथलेहेममध्ये जागा नव्हती, हे आपण दर नाताळात ऐकतो आणि हळहळतो. पुढच्या बैठकीत आपण कोणाच्या बाजूला बसणार आहोत? सराईच्या मालकाच्या, की ज्याने निदान गोठा उघडला त्याच्या?

त्या भट्टीवरच्या बाळाचे पुढे काय झाले, हे तुम्हाला सांगायला हवे. आठवडाभर मला झोप नीट लागली नाही. सेविकेचा प्रश्न पाठ सोडीना. मी तो महिला मंडळासमोर मांडला. आपल्या तीन बहिणी उठल्या. कोणी भाषण केले नाही. त्या पाळीपाळीने भट्टीवर जाऊन मोठ्या मुलीजवळ बसल्या. सेविका आणि आपले एक पॅरिशनर भट्टीमालकाला भेटले. त्या पंधरवड्याची खोटी उचलीत धरणार नाही, एवढे त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतले. आई बाळाला घेऊन केंद्रात गेली. चौदा दिवसांनी पट्टी लालवरून पिवळ्यावर आली. पिवळा म्हणजे बरा नव्हे. पण ते आता हात पुढे करून मागू लागले होते. आई म्हणाली, "आता रडतंय बघा भुकेनं." ती हसत होती. बाळ रडते म्हणून हसणारी आई मी त्या दिवशी पाहिली.

ज्येष्ठात ते कुटुंब गावी गेले. सेविकेने त्यांच्या गावच्या अंगणवाडीत निरोप पाठवला. त्यानंतर ते बाळ मला पुन्हा दिसले नाही. दिवाळीनंतर भट्ट्या पेटल्या की मी चौकशी करतो. डोंबिवलीच्या आपल्या बाळाची बातमी मात्र आहे. आजी श्रीरामपूरहून राहायला आली, शेजारच्या काकू दुपारी येऊन बसतात, बाबाने कामाची पाळी बदलून घेतली. परवा मिस्सेनंतर त्याने मला "फादल" अशी हाक मारली.

याच आठवड्यात ख्रिस्तसभा हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचेही स्मरण करते. आज तलवार घेऊन कोणी येत नाही. बाळे हळूहळू, आवाज न करता खुंटतात, आणि त्यासाठी कोणी हेरोद लागत नाही, आपले दुर्लक्ष पुरते. आणि ती वाढतात तेव्हाही चमत्कार लागत नाही. दिवसातून पाच वेळा कोणीतरी मांडीवर घ्यावे लागते.

आज गोठ्यातल्या बाळापुढे वाकताना आपण प्रार्थना करू या. हे नाझरेथच्या पवित्र कुटुंबा, आमच्या घरांतील, चाळींतील, पाड्यांवरील आणि भट्ट्यांवरील बाळांना तुझ्या पदराखाली घे. आमच्या हातांना भरवायला शिकव, आमच्या जिभेला बोलायला शिकव, आणि आमच्या दारांची कुलपे उघड.

आमेन.